दारू नसलेला गावचा 'पब' : रायपूरचं गढ कलेवा

चुलीवरचा चीला, वाफाळलेला फरा, गुळातली खुरमी आणि झाडाखाली निवांत बसायला जागा. छत्तीसगडच्या राजधानीत, एका जुन्या संग्रहालयाच्या आवारात, बायकांनी चालवायला घेतलेल्या या खाद्यघराची ही गोष्ट. आणि तिच्या निमित्तानं इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या पबची आणि बस्तरच्या बाजारातल्या लांद्याचीही!

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळोख, कानठळ्या बसवणारं संगीत, दारात उभे असलेले दोन पहिलवान आणि रात्री उशिरा गाडी चालवत घरी निघालेली तरुण मुलं. मुंबई-पुण्याच्या पबांनी या शब्दाची पुरती बदनामी करून ठेवली आहे. मूळचा इंग्लिश पब असा नव्हेच. 'पब्लिक हाउस' या दोन शब्दांचं हे लघुरूप. सगळ्यांसाठी दार उघडं असलेलं घर, असा त्याचा साधा अर्थ. खेड्यातल्या पबमध्ये बुटकं छत, लाकडी बाकं, हिवाळ्यात पेटलेली शेकोटी आणि दारावर रंगवलेली पाटी. पाटीची सक्तीसुद्धा जुनी आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात, १३९३ साली, एल विकणाऱ्यांनी दारावर खूण लावलीच पाहिजे असा हुकूम निघाला. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सिंह, हंस, मुकुट, नांगर अशी चित्रं आली. 'रेड लायन' हे नाव आजही इंग्लंडमध्ये गावोगाव सापडतं.

अशा घरात गाव येऊन बसतं, गरम जेवण मिळतं, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात. एक ग्लास घेऊन माणूस तासभर बसला तरी त्याला कोणी उठवत नाही. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काय आहे? गावचा पार म्हणावा तर तिथं जेवण नाही. खानावळ म्हणावी तर तिथं बसू देत नाहीत. शेवटचा घास तोंडात असतानाच पोऱ्या टेबल पुसायला लागतो! रायपूरचं गढ कलेवा मात्र या कल्पनेच्या बरंच जवळ पोचतं. फक्त तिथं दारू नाही.

संग्रहालयाच्या आवारात स्वयंपाकघर

रायपूर आपल्याला तसं परकं नाही. मुंबई-हावडा मार्गावर नागपूरच्या पुढे तीनशेएक किलोमीटरवर हे शहर लागतं. नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथं होती. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यूनं कारभाराचं ठिकाण रायपूरला हलवलं. त्या काळापासून इथं मराठी घरं आहेत. तात्यापारा नावाची वस्ती आहे, १९३५ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आहे. हिंदी पत्रकारितेत मोठं नाव झालेले माधवराव सप्रे याच मुलखात वाढले आणि १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं.

या शहरात महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. नांदगाव संस्थानचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते सुरू केलं. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. (सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे, हे महंत वेगळे. रायपूरच्या बाहेरचा माणूस इथं हमखास फसतो.) संग्रहालयाच्या आजच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. आत मूर्ती, शिलालेख, नाणी. बाहेर लोककलावंतांसाठी खुला रंगमंच. याच आवारात २०१६ च्या जानेवारीत राज्याच्या संस्कृती विभागानं गढ कलेवा उभारलं आणि ते चालवायला महिला बचत गटाच्या हाती दिलं.

नावही मोठं नेटकं आहे. छत्तीसगड या नावातला 'गढ' आणि कलेवा म्हणजे न्याहारी. राज्य स्थापन झालं १ नोव्हेंबर २०००ला. त्यानंतर पंधरा वर्षं रायपूरमध्ये हॉटेलं वाढली, मॉल आले, पण बाहेरगावच्या पाहुण्यानं इथलं खास काय खायचं असं विचारलं, तर शहराकडे दाखवायला धड एक जागा नव्हती. दक्षिणेतला डोसा मिळायचा, पंजाबी पनीर मिळायचं, चायनीजच्या गाड्या तर कोपऱ्याकोपऱ्यावर. चीला आणि फरा मात्र घरात, तेही आजी हयात असेल तर!

गढ कलेवाची मांडणी गावातल्या घराअंगणासारखी ठेवली गेली: लाकूड, बांबू, मातीकाम, झाडांची सावली. कॉलेजची मुलं, कचेरीतले कारकून, खुल्या मंचावर कार्यक्रमाला आलेली नाचा मंडळी आणि सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब आलेले लोक, अशी इथली गिऱ्हाइकं. दारू नसल्यामुळे सासू आणि सून एकाच टेबलावर बसून खाऊ शकतात. ही सोय इंग्लिश पबला फार उशिरा सुचली, पण त्याकडे नंतर येऊ.

तांदळाची नाना रूपं

छत्तीसगड म्हणजे 'धान का कटोरा'. त्यामुळे इथल्या स्वयंपाकात गव्हापेक्षा तांदळाला मान. तांदळाच्या पिठाचं सरसरीत मिश्रण तव्यावर पसरलं की चीला. आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. शिजलेला भात आणि तांदळाचं पीठ एकत्र मळून त्याचे बोटाएवढे लांबट गोळे वाफवले आणि वर तिळाची फोडणी दिली की फरा. तेल जवळजवळ नाही, पचायला हलका. डबा न्यायला याच्यासारखं काही नाही. तांदळाच्या पिठाची पुरी तळली तर ती चौसेला. पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकरी म्हणजे अंगाकर. उडदाचा वडा इथं 'बरा' होतो.

गोडाचा विभाग पाहिला की मराठी माणूस चपापतो. इथला अइरसा म्हणजे आपला अनारसाच! तांदळाचं पीठ, गूळ, तळण. फक्त उच्चार बदलला. देहरौरी मात्र आपल्याकडे नाही. भरड तांदूळ दह्यात भिजवून त्याचे गोळे तुपात तळायचे आणि पाकात सोडायचे. गुलाबजाम खव्याचा, ही तांदळाची. चावताना किंचित रवाळ लागते आणि तीच तिची खरी गंमत. ज्यांना गुलाबजाम मिट्ट गोड वाटतो त्यांनी ही जरूर खावी.

ठेठरी आणि खुरमी ही तर जोडगोळी. ठेठरी बेसनाची, खारी, खुसखुशीत. खुरमी गुळाची, कणीक आणि तांदळाच्या पिठाची, त्यात चारोळी आणि खोबरं. ही दोन्ही तीजा आणि पोरा या सणांची खासियत. पोरा म्हणजे आपला पोळा. विदर्भातल्या वाचकांना तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आठवतील. छत्तीसगडमध्ये मुलं मातीचे बैल फिरवतात. तीजेला लेकी माहेरी येतात आणि परत जाताना त्यांच्या पिशवीत ठेठरी-खुरमीचा डबा असतो.

भाज्यांत अशीच ओळख पटत जाते. पावसाळ्यात इथं चरोटा भाजी खातात, तो आपला टाकळा. अळूच्या पानात उडदाची डाळ वाटून भरायची, वाफवायची आणि ताकाच्या रश्शात सोडायची, याला इड्हर म्हणतात. अळूवडी कढीत पडली तर जशी लागेल तशी. तिखुर म्हणजे जंगलातल्या हळदीच्या जातीच्या कंदाचं सत्त्व, आपल्याकडचं तवकीर. त्याची बर्फी होते, उन्हाळ्यात सरबतही. बस्तरमध्ये नाचणीला मडिया म्हणतात आणि तिच्या पातळ कांजीला 'पेज' म्हणतात. शब्दसुद्धा आपलाच.

आणि बोरे बासी! रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, मिरची, दही आणि भाजीबरोबर खायचा. शेतमजुराची ही न्याहारी. शिळा भात म्हणून शहरी लोकांनी नाक मुरडलं, तिला २०२२च्या कामगार दिनी एकदम प्रतिष्ठा मिळाली. तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी १ मे रोजी सगळ्यांनी बासी खावी असं आवाहन केलं आणि मंत्री, साहेबलोक ताटात बासी घेऊन फोटो काढू लागले. फोटोपुरती का होईना, बासी टेबलावर आली.

यात हसण्यासारखं काही नाही. इंग्लंडच्या पबमधलं अगदी 'परंपरागत' समजलं जाणारं जेवण म्हणजे प्लावमन्स लंच, नांगऱ्याची न्याहारी: पाव, चीजचा मोठा तुकडा, कांदा आणि लोणचं. नांगरणारे गडी शेतात पाव आणि चीज खात हे खरंच. पण या नावानं ते पबच्या फळ्यावर आलं ते १९५० च्या दशकानंतर. युद्धानंतरचं चीजचं रेशनिंग १९५४ मध्ये उठलं, चीज खपवायचं होतं, म्हणून चीज उत्पादकांच्या प्रचारसंस्थेनं या थाळीची जोरदार जाहिरात केली! परंपरेला अधूनमधून असा धक्का द्यावा लागतो. तो सरकारनं दिला काय किंवा चीजवाल्यांनी.

एल आणि लांदा

आता पबमधल्या पेयाबद्दल. एल ही एक प्रकारची बिअर. जव भिजवून त्याला मोड आणायचे, मग ते भाजून भरडायचे. मोड आले की दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठाची साखर करतात. आपण बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, तेच तत्त्व. मग गरम पाण्यात काढलेल्या या गोड रसात यीस्ट पडलं की साखरेचा अल्कोहोल होतो. खऱ्या पारंपरिक एलमध्ये हे यीस्ट पिंपात शेवटपर्यंत जिवंत असतं. तळघरातल्या थंडाव्यातून हातपंपानं ती वर ओढतात, बाहेरून वायू भरत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी वायू भरलेली एकसाची बिअर आणली तेव्हा चौघा मित्रांनी १९७१ मध्ये 'कॅमरा' नावाची ग्राहक चळवळ सुरू केली आणि जुनी एल वाचवली.

रायपूरहून दक्षिणेला बस्तरमध्ये उतरलं की आठवडी बाजारात याच्याच बहिणी भेटतात. लांदा हे तांदळाचं पेय. तांदळाचं पीठ वाफवायचं, त्यात मोड आणलेल्या मक्याचं पीठ मिसळायचं आणि पाणी घालून काही दिवस आंबू द्यायचं. जव आणि मका एवढाच काय तो फरक, विद्या एकच! दुसरी सल्फी. हा माडाच्या जातीच्या झाडाचा रस. कोकणात त्याला भेरली माड म्हणतात. पहाटे काढलेली सल्फी गोड असते, ऊन चढेल तशी ती आंबत जाते. बाहेरचे लोक तिला 'बस्तर बिअर' म्हणतात. सल्फीचं झाड ही घराची मिळकत मानली जाते. अलीकडच्या काळात एका बुरशीच्या रोगानं ही झाडं वाळू लागली, तेव्हा अनेक घरांची चालती कमाई थांबली.

बाजारात झाडाखाली मडकी मांडून लांदा विकणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. पानाच्या द्रोणातून ओतलेलं पेय, शेजारी चणे किंवा लाल मुंग्यांची चापडा चटणी, भोवती गावगप्पा. याहून अस्सल 'व्हिलेज पब' कुठला दाखवायचा?

मग तो रायपूरच्या गढ कलेवात का नाही? उत्तर सोपं आहे. आदिवासींना घरच्या वापरासाठी ठरावीक मर्यादेत दारू गाळायची कायद्यानं सूट आहे, विकायचा परवाना नाही. शहरातली दारू २०१७ पासून सरकारी महामंडळाच्या दुकानांतून विकली जाते. छत्तीसगडमधल्या गावोगावच्या बायका दारूच्या दुकानांविरुद्ध मोर्चे काढत आल्या आहेत. २०१८च्या निवडणुकीत काँग्रेसनं दारूबंदीचं वचन दिलं, पाच वर्षांत ते पाळलं गेलं नाही. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ज्या घरात दारूनं मार खाल्ला आहे, तिथल्या बाईला पबचं कौतुक सांगायला जाऊ नये. बचत गटाच्या अंगणात चहा आणि सरबत आहे हे शहाणपणाचंच आहे.

पेयाच्या बाबतीत इंग्रजांचंही आपल्याशी जुनं नातं आहे. मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजानं जी फिकट कडवट एल येई, तिचंच नाव पुढे इंडिया पेल एल पडलं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून पाहून सोजिरांची डोकी फिरत, त्यावरून वेडसराला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणू लागले. पुण्यात २००९ मध्ये स्वतःची बिअर बनवणारी जागा सुरू झाली, तिनं हेच नाव घेतलं!

बायका आधी होत्या, मग नव्हत्या

इंग्लंडच्या इतिहासातली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. मध्ययुगात एल बनवणं हे बायकांचं काम होतं. घरच्यासाठी गाळायची, उरेल ती दारात विकायची, बस्तरच्या बाजारासारखंच. त्यांना 'एलवाइफ' म्हणत. पुढे हॉप्सची फुलं घातलेली, जास्त टिकणारी बिअर आली. मोठी भांडी, मोठं भांडवल, परवाने आणि संघटना आल्या आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत हा धंदा हळूहळू पुरुषांच्या हाती गेला. ज्या घराचा पाया बायकांनी घातला, त्याच घरात त्या पाहुण्या झाल्या. १९०८च्या कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलांना पबच्या बारमध्ये येऊ देण्यावर बंदी घातली, म्हणजे आयाही आपोआप घरी. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो या पत्रकारांच्या लाडक्या वाइन बारमध्ये तर बायकांनी काउंटरशी उभं राहून प्यायचं नाही असा नियम होता. वकील टेस गिल आणि पत्रकार ॲना कूट यांनी कोर्टात दावा लावला, तेव्हा १९८२ मध्ये तो नियम बेकायदा ठरला. १९८२! तोवर त्या देशात बाई पंतप्रधान होऊन तीन वर्षं झाली होती.

म्हणून रायपूरच्या स्वयंपाकघरावर बारकाईनं नजर ठेवली पाहिजे. घरात फुकट केलेला फरा इथं पहिल्यांदा पैसे देऊन विकत घेतला गेला. आईच्या, सासूच्या हाताखाली शिकलेली विद्या मोलाची ठरली. पण जागा सरकारची आणि हात बचत गटाचे, ही रचना नाजूक असते. पुढच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात गढ कलेवा उघडायचं सरकारनं ठरवलं, ते चांगलंच. मात्र धंदा चांगला चालायला लागला की ठेका मागायला भांडवलवाले येतात, हा अनुभव फक्त इंग्लंडचा नाही.

तिकडच्या गावांनी यावर काढलेला तोडगा आपल्या बचत गटांनी आणि सहकारी संस्थांनी समजून घ्यावा असा आहे. ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे साठ हजार पब होते. पंचवीसएक वर्षांत ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले. करोनाच्या साथीत २० मार्च २०२०ला सगळ्यांना एकदम टाळं लागलं, त्यातले कित्येक पुन्हा उघडलेच नाहीत. रोगाआधीचं दुखणं मालकीचं. पुष्कळ पबची इमारत कंपनीची असते. चालवणाऱ्यानं भाडंही द्यायचं आणि बिअरही कंपनी सांगेल त्या भावानं घ्यायची. शिवाय पब पाडून तिथं घरं बांधली तर पैसा जास्त. स्टॅफर्डशायरमधला 'क्रूकेड हाउस' हा खाणींमुळे जमीन खचून वाकडा झालेला पब. आत टेबलावर गोटी ठेवली तर ती चढावर घरंगळल्यासारखी दिसे. नव्या मालकांच्या ताब्यात गेल्यावर काही दिवसांतच, ५ ऑगस्ट २०२३च्या रात्री, तिथं आग लागली आणि दोनच दिवसांत उरलेल्या भिंतींवर परवानगीशिवाय यंत्र चाललं. लोक इतके खवळले की २०२४ मध्ये स्थानिक प्रशासनानं तो होता तसा पुन्हा बांधून द्यायचा आदेश काढला.

उलट उदाहरण कुंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या चिमुकल्या गावाचं. तिथला 'ओल्ड क्राउन' विकायला निघाला तेव्हा शंभराहून जास्त लोकांनी वर्गणी काढून २००३ मध्ये तो विकत घेतला. ब्रिटनमधला हा पहिला सहकारी पब. मागच्या बाजूची एल गाळण्याची भट्टी त्यांनी आधीच, १९९९ मध्ये, सहकारात घेतली होती. पुढे २०११च्या कायद्यानं गावाला हक्क मिळाला: एखादी वास्तू गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदवलेली असेल, तर ती विक्रीला निघाल्यावर पैसे उभे करायला गावाला सहा महिने मिळतात. आज तिथं दीडशेहून अधिक पब गावांच्या मालकीचे आहेत. काहींत पोस्टाचा काउंटर आहे, काहींत किराणा, काहींत वाचनालय.

साखर कारखाना आणि दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना अवघड वाटू नये. दोनशे घरांच्या गावात झाडाखाली चार बाकं, चुलीवरचं जेवण, चहा आणि वर्तमानपत्र, आणि मालकी गावातल्याच बायकांची: पिठलं-भाकरी विकणारे आपले किती बचत गट जत्रेच्या तीन दिवसांपुरते स्टॉल मांडतात आणि चौथ्या दिवशी घरी जातात! त्यांना कायमची जागा हवी आहे. रायपूरच्या बायकांना ती संग्रहालयाच्या आवारात मिळाली, एवढाच फरक.

जाता जाता एक सोयीची गोष्ट. ठेठरी आणि खुरमी कोरड्या असल्यानं चांगल्या टिकतात. नागपूरपर्यंतच्या गाडीतल्या चार-पाच तासांत त्यांना काही होत नाही, डब्यातल्या मुलांच्या तावडीतून सुटल्या तर घरापर्यंत पोचतात. देहरौरी मात्र तिथंच बसून, गरम असताना खावी.